निष्कास जोडसाधने, टर्बोचार्जरयुक्त मोटरगाडीची

मोटरगाडीच्या एंजिनाचे सिलिंडर शीर्ष, निष्कास मॅनिफोल्ड (सर्व सिलिंडरांतील जळालेले वायू एकत्र करणारी फाटेदार नळी), टर्बोचार्जरचे टरबाइन कवच आणि त्यापुढील निष्कास नळ हे भाग एकमेकांना वायुरोधी रीतीने जखडून ठेवणाऱ्या स्टड, बोल्ट, नट, वॉशर व पट्टाबंध यांना निष्कास जोडसाधने म्हणतात. आकाराने ती लहान व किंमतीने क्षुल्लक असली, तरी एंजिनावरील सर्वांत तप्त जोड त्यांच्यावर अवलंबून असतात. इतर जोडांत बोल्टची निवड मुख्यतः त्याच्या बळावरून करतात. निष्कास जोडात मात्र दोन वेगळे निकष महत्त्वाचे ठरतात : तप्त अवस्थेत बोल्टची पकड किती टिकते आणि काही वर्षांनी तो न तुटता काढता येतो की नाही. या दोन निकषांकडे दुर्लक्ष करून केवळ ‘अधिक मजबूत’ बोल्ट बसविल्यास जोड लवकर गळू लागतो आणि पुढे तो उकलण्याचे काम कठीण व खर्चाचे होते.

इतिहास : निष्कास वायूंतील ऊर्जेने टरबाइन फिरवून त्याच्या साहाय्याने एंजिनाला दाबयुक्त हवा पुरविण्याची कल्पना स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी मांडली व १९०५ मध्ये तिचे एकस्व (पेटंट) मिळविले. प्रवासी मोटरगाड्यांत टर्बोचार्जरचा वापर अमेरिकेतील ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर या गाड्यांपासून १९६२ मध्ये सुरू झाला. यूरोपात बीएमडब्ल्यू २००२ टर्बो (१९७३) ही आरंभीच्या गाड्यांपैकी होय. उच्च तापमानाला बळ टिकविणाऱ्या मिश्रधातूंचा विकास मुख्यतः वाफ टरबाइने व विमानांची जेट एंजिने यांसाठी झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये जेट एंजिनांसाठी तयार झालेल्या निमोनिक या निकेल-क्रोमियम मिश्रधातू त्यांपैकीच आहेत. या धातूंचे बोल्ट व स्टड पुढे शर्यतीच्या व नंतर काही नेहमीच्या वापराच्या गाड्यांतही आले.

कार्य परिस्थिती : टरबाइनात शिरणाऱ्या वायूंचे तापमान डीझेल एंजिनात पूर्ण भाराला सर्वसाधारणतः ७००° ते ८५०° से. पर्यंत, तर पेट्रोल एंजिनात ९५०° ते १,०५०° से. पर्यंत जाते. टर्बोचार्जर नसलेल्या एंजिनात हे वायू थेट नळातून निघून जातात. येथे मात्र टरबाइनामुळे त्यांना अडथळा होऊन मॅनिफोल्डातील दाबही वाढतो. शिवाय टरबाइन कवच ओतीव व जाड असल्याने बरीच उष्णता साठवते आणि टर्बोचार्जरचे सर्व वजन बहुधा तीन-चार स्टडवर टांगलेले असते. कंपन, वजन, दाब आणि उष्णता हे सर्व भार अशा रीतीने एकाच वेळी कार्य करतात.

मॅनिफोल्डाच्या लांबीतील वाढ हा आणखी एक भार आहे. ४० सेंमी. लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ६००° से. ने तापला, तर तो सु. ३ मिमी. ने लांबतो. ज्या ॲल्युमिनियमाच्या सिलिंडर शीर्षावर तो बसविलेला असतो, ते पाण्याने थंड राखलेले असल्याने त्याच अंतरात १ मिमी.पेक्षाही कमी वाढते. हा फरक दोन्ही टोकांना विभागला जातो आणि टोकाकडील स्टड प्रत्येक तापण्या-निवण्याच्या आवर्तनात थोडे वाकतात. म्हणूनच मॅनिफोल्डाचे टोकाचे स्टड बहुधा प्रथम तुटतात. यावर उपाय म्हणून टोकाची भोके मोठी किंवा लांबट ठेवतात. ती जागा गंजाने व काजळीने भरून गेल्यास अथवा दुरुस्तीत तेथे जाड स्टड बसविल्यास सरकण्यास वाव राहत नाही व नवा स्टडही तुटतो. जोडाला वारंवार आडवी सरक मिळाली, तर नट आपोआप सैल होत जातो, हे जर्मन अभियंते गेऱ्हार्ट युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखविले. निष्कास जोडात अशी सरक नेहमीच होत असते.

पकडबल व औष्णिक प्रसरण : नट आवळला की, स्टड किंचित ताणला जातो आणि मूळ लांबीवर येण्याच्या प्रवृत्तीमुळे दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. या दाबाला पकडबल म्हणतात. हा ताण किती अल्प असतो, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. ८ मिमी. व्यासाच्या (एम ८) स्टडचे आट्यांजवळील परिणामी क्षेत्रफळ ३६·६ चौ. मिमी. असते. त्यात १५ किलोन्यूटन पकडबल निर्माण केल्यास ४० मिमी. लांबीचा स्टड केवळ ०·०८ मिमी. ने ताणला जातो. जोडाची सर्व पकड एवढ्याच ताणावर अवलंबून असते.

आता हा स्टड ऑस्टेनाइटी अगंज (स्टेनलेस) पोलादाचा व जखडलेला भाग बिडाचा आहे असे मानू. खोलीच्या तापमानापासून ६००° से. पर्यंत अशा पोलादाचा सरासरी प्रसरण गुणांक दर अंश से.ला सु. १८ × १०<sup>-६</sup> आणि बिडाचा सु. १३ × १०<sup>-६</sup> असतो. दोन्ही सारख्याच प्रमाणात तापल्यास ४० मिमी. लांबीत स्टड बिडापेक्षा सु. ०·१२ मिमी. ने अधिक वाढेल. ही वाढ मूळच्या ताणापेक्षा जास्त असल्याने पकडबल नाहीसे होते. एंजिन थंड असता घट्ट वाटणारा जोड चढावावर पूर्ण भाराला गळतो आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट भासतो, याचे कारण बहुधा हेच असते. उलट ऑस्टेनाइटी पोलादाच्या जाड कडांमधून साध्या मिश्र पोलादाचा स्टड घातल्यास कडा अधिक फुगून स्टड ओढला जातो व कायमचा लांबतो. थंड झाल्यावर त्याचा नट सैल आढळतो. म्हणून स्टड व जखडलेले भाग यांचे प्रसरण गुणांक शक्यतो जवळचे असावे लागतात.

द्रव्यांची निवड : बोल्टच्या डोक्यावरील ८·८, १०·९, १२·९ हे आकडे त्याचा बलवर्ग दाखवितात. पहिल्या आकड्यास १०० ने गुणल्यास ताणबल न्यूटन/चौ. मिमी. मध्ये मिळते. दुसरा आकडा त्या बळाचा कितवा दशांश भाग गाठल्यावर कायमची विकृती सुरू होते, हे सांगतो. ही वर्गवारी मात्र खोलीच्या तापमानातील चाचण्यांवर आधारलेली आहे. या पोलादांना कठिनीकरणानंतर पुन्हा तापवून चिवटपणा देतात. संबंधित आंतरराष्ट्रीय मानकात ८·८ व १०·९ या वर्गांसाठी हे पुनस्तापन किमान ४२५° से. ला करावे, असे दिले आहे. टरबाइनाच्या कडेशी बोल्टला याहून अधिक तापमान सोसावे लागले, तर प्रत्येक फेरीत त्याचे नकळत पुनस्तापनच होत राहते व त्याचे बळ घटते. १२·९ वर्गाचा महाग बोल्ट आणल्याने हा दोष दूर होत नाही. अतिकठीण पोलाद हायड्रोजनामुळे ठिसूळ होण्याचा धोका मात्र वाढतो.

उच्च तापमानाला सतत भार असता धातू अतिशय मंद गतीने ताणली जाते. या क्रियेला विसर्पण म्हणतात. जखडलेल्या स्टडची लांबी कायम राहत असल्याने त्यात विसर्पणाचा परिणाम पकडबल हळूहळू ओसरण्यात दिसतो. ज्या मिश्र पोलादांत क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम असतात, ती विसर्पणास चांगला विरोध करतात. वाफ टरबाइनांच्या कवचांवर अशा पोलादांचे स्टड सु. ५४०° से. पर्यंत वापरतात. बिडाच्या मॅनिफोल्डाशी त्यांचा प्रसरण गुणांकही जुळतो, म्हणून डीझेल गाड्यांस ती सोयीची असतात. गंजास त्यांचा विरोध मात्र बेताचाच असतो.

अगंज पोलादाचे बाजारात सहज मिळणारे ए २-७० या खुणेचे बोल्ट गंजत नाहीत म्हणून पुष्कळदा निवडले जातात. त्यांचे बळ मुख्यत्वे शीत घडणीने आलेले असते व ते उच्च तापमानाला टिकत नाही. ४५०° ते ८५०° से. या पट्ट्यात दीर्घकाळ राहिल्यास त्यांतील क्रोमियम कार्बाइडाच्या रूपाने स्फटिककणांच्या सीमांवर साचते आणि त्या सीमांलगत गंज शिरतो. टरबाइनापासून दूर असलेल्या, कमी तापणाऱ्या नळजोडांस हे बोल्ट चालतात. टरबाइनाच्या कडेस ते योग्य नव्हेत.

तेथे ए-२८६ ही लोह, निकेल (सु. २५%) व क्रोमियम (सु. १५%) यांची टिटॅनियमयुक्त मिश्रधातू उपयुक्त ठरते. सु. ७२०° से. ला कित्येक तास ठेवून तिला बळ आणलेले असते. त्यामुळे सु. ७००° से. पर्यंत ते बऱ्याच अंशी टिकते. तिचा प्रसरण गुणांक ऑस्टेनाइटी पोलादाच्या जवळचा असल्याने अगंज पोलादाच्या मॅनिफोल्डास ती विशेष जुळते. इंकोनेल ७१८ यासारख्या निकेल मिश्रधातू याहूनही बळकट आहेत व त्यांचे प्रसरण बिडाच्या जवळपास असते. किंमत अधिक असल्याने त्यांचा वापर मुख्यतः शर्यतीच्या गाड्यांत होतो.

जस्त वा कॅडमियम यांचा मुलामा दिलेले बोल्ट या जागी टाळतात. जस्त ४१९·५° से. ला व कॅडमियम ३२१° से. ला वितळते. वितळलेली धातू पोलादाच्या कणसीमांत शिरून त्याला भेगा पाडू शकते. कॅडमियमाची वाफ अत्यंत विषारी असते.

नट व वॉशर : निष्कास जोडात बोल्टपेक्षा स्टड व नट ही जोडी अधिक पसंत करतात. स्टड सिलिंडर शीर्षात एकदा बसविला की, दर वेळी फक्त नट निघतो व ॲल्युमिनियमातील मऊ आट्यांची झीज होत नाही. नट मुद्दामच स्टडहून वेगळ्या धातूचा ठेवतात. अगंज पोलादाच्या स्टडवर त्याच पोलादाचा नट फिरविल्यास घर्षणाने पृष्ठभागावरील संरक्षक पापुद्रा खरवडला जातो आणि आटे एकमेकांना जागच्या जागी चिकटतात. हे गंजाशिवाय, नव्या वस्तूंतही घडते. तांब्याचा मुलामा दिलेला पोलादी नट हा नेहमीचा उपाय आहे. जुन्या गाड्यांत पितळी नट वापरीत. ते गंजाने जाम होत नाहीत, पण टर्बोचार्जरच्या तापमानाला मऊ पडतात.

नायलॉनाचे कडे असलेले स्वयंरोधी नट येथे निरुपयोगी होत. नायलॉन सु. १२०° से. च्या वर भरवशाचे राहत नाही व पुढे वितळते. आटे घट्ट धरणारे साधे रासायनिक चिकटद्रवही सु. १५०° से. पर्यंतच टिकतात. स्प्रिंग वॉशरची लवचिकता उष्णतेने जाते. त्याऐवजी माथा किंचित चेपून घट्ट केलेले संपूर्ण धातूचे नट, कडा वळवून नट अडविणारे पत्रे किंवा पाचरीच्या दातांचे जोडवॉशर वापरतात. नटाखाली जाड नळीसारखे अंतरकडे घालून स्टड लांब घेतल्यास तोच ताण अधिक लांबीत विभागतो. पृष्ठभाग थोडे दबले किंवा गॅस्केट चेपले, तरी पकडीचा लहानसाच अंश कमी होतो.

टरबाइन कवच व नळ यांच्यामध्ये पुष्कळदा इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या खाचेचा पट्टाबंध असतो. एकाच नटाने तो आवळता येतो, पण तोच तुटला तर सर्व जोड सुटतो. टर्बोचार्जर असलेल्या लहान विमानांत अशा पट्ट्यांच्या तुटण्याने अपघात झाल्यामुळे अमेरिकेच्या संघीय विमानचालन प्रशासनाने २०२३ मध्ये त्यांपैकी काही प्रकारांची तपासणी व ठरावीक तासांनंतर बदल सक्तीचा केला. मोटरगाडीतही भेग पडलेला वा ताणलेला पट्टा पुन्हा वापरणे धोक्याचे असते.

बसविणे : पाना फिरविण्याच्या श्रमापैकी सु. ५०% नटाच्या बुडाशी व ४०% आट्यांत घर्षणावर खर्च होतात. फक्त १०% श्रम स्टड ताणण्यास उपयोगी पडतात. त्यामुळे वंगणात थोडा बदल झाला, तरी पकडबल पुष्कळ बदलते. एम ८ नट कोरड्या आट्यांवर २४ न्यूटन-मीटर पिळाने आवळल्यास सु. १५ किलोन्यूटन पकडबल मिळते. आट्यांना जामरोधी लेप लावून तोच पीळ दिल्यास ते २० किलोन्यूटनपर्यंत जाते. ८·८ वर्गाच्या एम ८ स्टडचा प्रमाणित चाचणी भार २१·२ किलोन्यूटन असल्याने एवढी वाढ मर्यादेला जाऊन भिडते. यासाठी निर्मात्याने दिलेला पीळ कोरड्या आट्यांसाठी आहे की लेपयुक्त, हे पाहणे आवश्यक असते. तांबे किंवा निकेल यांची भुकटी असलेला लेप आट्यांवर पातळ लावतात. निकेलयुक्त लेप अधिक तापमानाला टिकतो. मॅनिफोल्डाचे नट मध्यापासून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत आवळतात.

काढणे : एंजिन पूर्ण थंड झाल्यावर आटे तारेच्या ब्रशने साफ करतात. काजळी व गंज यांनी भरलेल्या आट्यांवरून नट ओढल्यास तो मध्येच अडकतो. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या सु. दुप्पट जागा व्यापतो. त्यामुळे आटे पाचर मारल्याप्रमाणे घट्ट बसलेले असतात. झिरपणारे तेल लावून काही तास, शक्य तर एक-दोन दिवस, वाट पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. पाना सहा बाजूंचा व अचूक मापाचा घेतात. बारा कोनांचा पाना झिजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो. नट प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून गंजाचा बंध मोडतात. मग तो सैल करतात व अडकताच परत फिरवून, पुन्हा तेल देऊन पुढे नेतात. हाताला स्टडचा पीळ ‘रबरासारखा’ लागू लागला की, नट फिरत नसून स्टड पिळवटत आहे, असे समजून थांबावे लागते.

तेलाने काम न झाल्यास उष्णता वापरतात. तापवायचा तो नट, स्टड नव्हे. नट आधी फुगल्याने आट्यांत फट पडते. ज्योतीपेक्षा विद्युत् प्रवर्तनाने तापविणारे वेटोळे अधिक सोयीचे असते, कारण त्याने नटच तापतो व शेजारच्या तारा, रबरी नळ्या वाचतात. सिलिंडर शीर्ष ॲल्युमिनियमाचे असल्यास विशेष दक्षता घेतात. ॲल्युमिनियम सु. ६६०° से. ला वितळते आणि लोखंडाप्रमाणे आधी लाल होऊन इशारा देत नाही. मात्र त्याचे प्रसरण पोलादाच्या जवळजवळ दुप्पट असल्याने शीर्ष १००° से. च्या आसपास सर्व बाजूंनी कोमट केले, तरी त्यातील स्टडची पकड ढिली होते. सडलेला नट उभा चिरून काढणे स्टड तोडण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर असते. नट निघाल्यावर स्टडही बदलायचा असल्यास त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून खालच्या नटाने तो फिरवितात.

तुटलेला स्टड : तुकडा पृष्ठभागाच्या वर असेल, तर त्यावर नट ठेवून आतून वितळजोड देतात. यामुळे धरण्यास डोके मिळते व त्याच उष्णतेने गंजाचा बंधही सुटतो. तुकडा आत असल्यास त्याच्या अचूक मध्यावर खूण ठोकून, शक्य तर डाव्या दिशेने कापणाऱ्या ड्रिलने भोक पाडतात. पुष्कळदा त्या फिरण्यानेच तुकडा बाहेर येतो. उलट आट्यांची कठीण काढणी फार जोराने पिळल्यास आतच तुटते. ती ड्रिलने कापली जात नाही आणि विद्युत् ठिणगी यंत्रणाचा आश्रय घ्यावा लागतो. मूळ आटे गेल्यास भोक मोठे करून त्यात तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे बसवितात. ही सर्व कामे करताना टरबाइनाची तोंडे बंद ठेवणे अत्यावश्यक असते. टरबाइनाचे चक्र मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते व धातूचा बारीकसा कीसही त्याची पाती मोडू शकतो.

सुरक्षितता : टरबाइनापूर्वीचा जोड गळू लागल्यास हवेचा दाब कमी पडतो, इंधन अधिक जळते आणि तप्त वायूंचा झोत जवळच्या तारा व नळ्यांवर येऊन आग लागू शकते. गळणाऱ्या वायूंतील कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असून गाडीत शिरल्यास प्राणघातक ठरतो. जोडाभोवतीचे काळे पट्टे व थंड एंजिन सुरू करताना येणारा टकटक आवाज ही गळतीची लक्षणे होत. दुरुस्तीच्या वेळी तेलाने ओला जोड ज्योतीने तापविल्यास तो पेटतो. क्लोरीनयुक्त विद्रावकाने धुतलेला भाग न वाळविता तापविल्यास किंवा त्यावर वितळजोड दिल्यास फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो.

भारतातील वापर : टर्बोचार्जरयुक्त डीझेल गाड्यांचा प्रसार भारतात १९९० नंतर वाढला. पुण्यात तयार झालेली टाटा सफारी (१९९८) व नाशिक येथील महिंद्र स्कॉर्पिओ (२००२) या त्यांतील लोकप्रिय गाड्या होत. भारत स्टेज-६ ही उत्सर्जन मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाल्यावर डीझेल गाड्यांत काजळी गाळणारे उपकरण टर्बोचार्जरच्या निकट आले. साचलेली काजळी जाळण्यासाठी तेथे वेळोवेळी सु. ६००° से. तापमान निर्माण करतात. त्यामुळे तप्त जोडांवरील भार वाढला आहे. कोकण किनाऱ्यावरील खाऱ्या व दमट हवेत गंजाची भर पडत असल्याने तेथे आट्यांवरील लेप व ठरावीक काळाने नट बदलणे यांना अधिक महत्त्व येते. अलीकडील काही एंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर शीर्षातच ओतून पाण्याने थंड करतात. त्यामुळे त्या दोहोंमधील जोड नाहीसा होतो. टर्बोचार्जर जखडणारे मोजके स्टड मात्र उरतातच, आणि बसवितानाच पुढील काढणीचा विचार करणे हा त्यांच्या बाबतीतही मुख्य नियम राहतो.